आबांना मोटार जमते, मग बल्ब का जमत नाही?

(हा एपिसोडचा लेखी पाठ आहे. बोलताना मध्येमध्ये आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरातला आहे. तुम्ही पुण्यात, मुंबईत, बंगळुरूला, नाहीतर त्याहून लांब. गावी आई-वडील किंवा आजी-आजोबा. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले, रात्री उठलं की भिंतीचा आधार. आणि दिवाळीच्या सेलमध्ये तुमच्या डोक्यात येतं, घर स्मार्ट करून टाकू. दोन बल्ब, एक स्पीकर, एक कॅमेरा. काळजी मिटली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळ गाव वडूज, तालुका खटाव. आमच्या भागात हा प्रश्न जरा जास्तच आहे. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामासाठी, देशभर पसरलीत. त्यात आता आमच्यासारखे आयटीवाले. म्हणजे मुलगा कोइमतूरला, नातू हिंजवडीला आणि घरात दोन म्हातारी माणसं. मी गावी गेलो की आळीतली मंडळी येतात, "बघ रं जरा, हे काय म्हणतंय" म्हणत. त्यामुळे चार-पाच घरांतल्या या स्मार्ट वस्तू मी जवळून बघितल्यात.

बहुतेक ठिकाणी चित्र एकच. बल्ब स्मार्ट, पण भिंतीवरच्या बटणाला चिकटपट्टी आणि वर चिठ्ठी, 'बंद करू नये'. स्पीकर कपाटावर, वायर काढलेली. एक आज्जी तर संध्याकाळी अंधारातच बसायच्या. का, तर "हात लावला आन् बिघडला, तर पोराला सुट्टी काढून यावं लागंल."

आता गंमत बघा. याच आळीत पंचाहत्तरीचे एक आबा आहेत. खाटेवर बसून, दोन किलोमीटरवरच्या विहिरीवरची मोटार ते फोनवरून चालू करतात. रोज. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलेलं नाही. घरातला बल्ब मात्र त्यांनाही जमत नाही.

लांबून यंत्र चालू-बंद करणं, हे तर दोन्हीकडे सारखंच. मग एक जमतं आणि दुसरं का जमत नाही? आजच्या एपिसोडमध्ये एवढंच बघायचंय.

आधी मोटारीचं बघू

शेतीपंपाची लाइट आपल्याकडे वर्षानुवर्षं पाळीपाळीने येते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की अवेळी उठायचं, बॅटरी आणि काठी घ्यायची, अंधारात विहिरीवर जायचं आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. कधी तिथे गेल्यावर कळायचं, एक फेजच नाही. मग तसंच परत.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांचे आजोबा उतारवयात असेच पंप चालू करायला रात्री शेतावर जायचे. ते बघून ओस्तवालांना या कामाची कल्पना सुचली, आणि पुढे त्यातून 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र तयार झालं. स्टार्टरला एक पेटी जोडायची, तिला मोबाइलचं नेटवर्क. आपण साध्या बटणाच्या फोनवरून तिला कॉल करायचा, ठरलेला आकडा दाबायचा, मोटार चालू. आणि लाइट आहे का, मोटार खरंच चालू झाली का, हे वेगवेगळ्या आवाजांवरून त्याच कॉलवर कळतं. आज अशा पेट्या बऱ्याच कंपन्यांच्या मिळतात. आपल्याकडे सरसकट त्यांना 'मोबाइल स्टार्टर' म्हणतात.

या पेटीत पाच गोष्टी बरोबर आहेत. एक, हालचाल ओळखीची, फोन लावणं. दोन, यंत्र उलट उत्तर देतं, तेही कानाला कळेल असं. तीन, विहिरीवरचं हिरवं-लाल बटण जिवंत आहे, फोन नसला तरी मोटार चालते. चार, बिघडलं तर मोटार बांधणारा माणूस गावातच आहे. आणि पाच, ही वस्तू आबांना स्वतःला हवी होती.

हे पाच प्रश्न लक्षात ठेवा. घरातल्या स्मार्ट वस्तूंना आपण हेच विचारणार आहोत.

पण त्याआधी, 'थकलेलं शरीर' म्हणजे नेमकं काय?

आपण म्हणतो, "हातपाय गळाले." डॉक्टर याला फ्रेल्टी म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पाच खुणा मांडल्या. प्रयत्न न करता वजन घटणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. पाचातल्या तीन किंवा जास्त खुणा असल्या तर माणूस फ्रेल, एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर.

यात वयाचा आकडा नाही बघा. ऐंशीच्या आज्जी खुरपायला जातात आणि अडुसष्टचा माणूस जिना चढत नाही, दोन्ही असतं. फ्रेल माणसाला छोटा धक्काही मोठा बसतो. ताप दोन दिवसांचा, पण खाट महिनाभर सुटत नाही.

आता या खुणा इंजिनिअरच्या नजरेने बघा. पकड सैल, म्हणजे बारीक बटण दाबून धरणं अवघड. चाल मंद, म्हणजे १५ सेकंदांत विझणारा सेन्सरचा दिवा माणूस मोरीपर्यंत पोचायच्या आतच विझणार. आणि थकवा ही तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपण ॲप बनवताना सहज लिहितो, 'पुन्हा प्रयत्न करा'. थकलेला माणूस पुन्हा प्रयत्न करत नाही. तो म्हणतो, "राहू दे." आज्जींच्या अंधाराचं कारण निम्मं तरी इथे आहे.

प्रश्न पहिला: हालचाल ओळखीची आहे का?

टचस्क्रीनच्या काचेखाली बारीकसा विद्युतभार असतो. बोट टेकलं की तो बदलतो आणि फोनला कळतं. बोट कोरडं असेल, आयुष्यभर खुरपं-विळा धरून घट्टे पडलेले असतील, तर हा बदल कमी पडतो. मग आज्जी जोरात दाबतात. जोराने काहीच होत नाही, कारण स्क्रीनला जोर कळत नाही. हात कापत असेल तर टॅप करायला गेलेलं बोट रेंगाळतं आणि फोनला वाटतं दाबून धरलंय. आयकॉन हलतो, भलतंच उघडतं. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'टच अँड होल्ड डिले' असतं, ते 'लाँग' करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि फरक पडतो.

मग बोलून काम होईल का? फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येतं. अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते. पण स्मार्ट स्पीकरशी घरातल्या मराठीत, त्यातही माणदेशी वळणाने बोलून दिवा लागेल, अशी आशा ठेवू नका. आधी त्याचं नाव घ्यायचं, मग न थांबता पूर्ण वाक्य बोलायचं, तेही ॲपमध्ये दिवा ज्या नावाने नोंदवलाय त्याच नावाने. म्हातारं माणूस बोलताना मध्ये थांबतं, श्वास घेतं. मशीनला वाटतं, संपलं बोलणं. दात नसले की शब्द बदलतो. आणि रात्री अडीचला घाबरून उठलेल्या माणसाला 'अलेक्सा' हे नाव आठवेलच असं नाही.

प्रश्न दुसरा: यंत्र उलट उत्तर देतं का?

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. शिवाय डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होत जातो. आणि या वस्तूंवर काय असतं? मोहरीएवढा निळा दिवा. तो लुकलुकला तर वायफाय गेलं, स्थिर असला तर आहे.

कानाचंही तसंच. वयानुसार आधी बारीक, किनरे आवाज ऐकू येईनासे होतात. धुराच्या अलार्मचा नेहमीचा आवाज साधारण ३१०० हर्ट्झचा असतो. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांना तो बऱ्याचदा जागं करत नाही, ५२० हर्ट्झचा जाडा आवाज जास्त चांगला जागं करतो, हे तपासून झालंय. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत झोपायच्या खोल्यांतल्या अलार्मसाठी हा जाडा आवाज आलाही. म्हणून घरात बेल किंवा अलार्म घेताना 'पीप पीप' करणारा नको, 'टण्ण' करणारा घ्या. दुकानात वाजवून बघा.

प्रश्न तिसरा: जुनं बटण जिवंत आहे का?

इथेच सगळ्यात जास्त घरं अडकतात. स्मार्ट बल्बला सतत लाइट लागते, म्हणून भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. म्हणजे ज्या बटणाची जागा हाताला चाळीस वर्षं पाठ आहे, नेमकं तेच आपण बंद पाडतो. पकड, चाल, नजर सगळं कमी होत असताना माणसाकडे उरलेली ठेव म्हणजे ही हाताची सवय. अंधारात, न बघता, भिंत चाचपत दिवा लागतो तो तिच्यावर.

यावर उपाय आहे. बल्ब साधाच ठेवायचा आणि बटणाच्या मागे, बोर्डाच्या आत, छोटा स्मार्ट रिले बसवायचा. मग बटणही चालतं आणि तुमचं ॲपही. वायरमनला अर्ध्या तासाचं काम, फक्त न्यूट्रल वायर बोर्डात आहे का ते आधी बघायला सांगा. जुन्या घरांत बऱ्याचदा नसते.

एक बारकावा मात्र आहे. आपल्याकडे बटण खाली म्हणजे चालू. रिले बसवून दिवा ॲपवरून बंद केला, तर बटण खालीच राहतं आणि दिवा बंद. म्हणजे बटणाची दिशा खोटं बोलायला लागते. दिव्याचं चालेल, तो डोळ्याला दिसतो. गिझरला हा प्रकार करू नका, तिथे माणूस बटणाकडे बघूनच चालू-बंद ठरवतो.

आणि स्मार्ट बल्बच हवा असेल तर त्याच्या ॲपमध्ये 'लाइट परत आल्यावर काय करायचं' हे सेटिंग शोधा. बऱ्याच बल्बना ते असतं. नाहीतर रात्री तीनला लाइट येते आणि सगळं घर लख्ख होतं. म्हातारा माणूस दचकून उठतो, आणि दचकून उठणं हेच पडायला निमित्त होतं.

प्रश्न चौथा: बिघडलं तर कोण बघणार?

मोटार बिघडली तर वडूजच्या बाजारात चार माणसं आहेत. स्मार्ट प्लग बिघडला तर? तुम्ही, फोनवरून, मीटिंगच्या मध्ये. "आबा, निळा दिवा लुकलुकतोय का? कुठला निळा? अहो, खालचा."

सगळ्यात नेहमीचा घोटाळा राउटरचा. नेटवाला येतो, राउटर बदलतो, नवीन नाव, नवीन पासवर्ड. घरातल्या सगळ्या वस्तू एका झटक्यात मुक्या. उपाय सोपा आहे. नवीन राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला लावायचा, आणि २.४ गिगाहर्ट्झचा बँड चालू ठेवायचा, कारण स्वस्त स्मार्ट वस्तू बहुतेक त्याच्यावरच चालतात. हे दोन्ही कागदावर लिहून राउटरला चिकटवा.

दुसरा धोका कंपनीचा. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर काही न सांगता बंद झाले आणि लोकांच्या घरातली ॲप चालेनाशी झाली. भिंतीवरची बटणं मात्र चालत राहिली. तिसरा प्रश्न का महत्त्वाचा, त्याचं हे उत्तर. नेट गेलं, कंपनी गेली, तरी घर घरासारखं चाललं पाहिजे.

प्रश्न पाचवा: हे कुणाला हवं होतं?

कॅमेरा. हा जरा नाजूक विषय आहे. आपल्याला काळजी असते, खरी असते. पण सोप्यात कॅमेरा लावला की आज्जी डोक्यावरचा पदर सारखा करूनच तिथून जातात. दुपारी तिथे आडव्या होत नाहीत. स्वतःच्या घरात त्यांची जागा कमी झाली. आणि पडायची सगळ्यात जास्त भीती मोरीत, जिथे आपण कॅमेरा लावूच शकत नाही.

गळ्यात घालायचं बटण? २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केंब्रिजचा एक अभ्यास आला होता, नव्वदीच्या पुढच्या माणसांचा. पडलेल्यांपैकी ३० टक्के माणसं तास किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होती. मदतीची बटणं बऱ्याच जणांकडे होती, पण इतका वेळ पडून राहावं लागलेल्या बहुतेक वेळी ती दाबलीच गेली नाहीत. कुणी घातलेलं नसतं, कुणाला वाटतं मी उठेन आपला आपण, कुणाला लोकांना त्रास द्यायचा नसतो. हे आपल्या आज्जींच्या "पोराला सुट्टी काढावी लागंल" सारखंच झालं. वस्तू होती, पण ती दाबणं म्हणजे 'मी आता निकामी झाले' हे कबूल करणं होतं.

याच्या उलट उदाहरण जपानचं. झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये एक चहाची विजेची किटली आणली. म्हातारं माणूस रोजच्यासारखं त्यातून गरम पाणी घेतं, आणि ती किटली कधी वापरली ते लांब राहणाऱ्या मुलाला ईमेलने कळतं. कॅमेरा नाही, बटण नाही, नवीन शिकायचं काही नाही. आज किटली वापरलीच नाही असं दिसलं, तर मुलाने फोन करायचा. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आईला फक्त चहा प्यायचाय.

मग काय बसवायचं? क्रमाने सांगतो

१. सेन्सरचा रात्रीचा दिवा. अंगाची उष्णता हलली की तो लागतो. वायफाय नाही, ॲप नाही, काही शे रुपयांत मिळतो. खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेवर दोन-तीन, घोट्याच्या उंचीवर, पिवळसर उजेडाचे. विझायची वेळ किमान दोन मिनिटं. परसातल्या संडासाच्या वाटेवर एक मोठा. बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा.

२. वायरलेस बेल, पण उलटी. दाराची साधी रिमोट बेल घ्या. तिचं बटण मोरीत आणि खाटेपाशी, बेल मात्र शेजारच्या घरात, त्यांना विचारून. बटणाची उंची महत्त्वाची, कारण पडलेला माणूस उभा नसतो. इंग्लंडमध्ये अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात मदतीच्या दोरीला दोन लाल कड्या असतात, एक ८० ते १०० सेंटिमीटरवर आणि दुसरी जमिनीपासून फक्त १० सेंटिमीटरवर. आपणही एक बटण वितीच्या उंचीवर लावायचं. विकत घ्यायच्या आधी दोन घरांमधलं अंतर तिला झेपतं का ते वाजवून बघा.

३. बटणामागचा रिले. सोप्यातला आणि अंगणातला दिवा, एवढ्यालाच. जुनं बटण चालू ठेवून.

४. दाराचा सेन्सर, घरच्यांनी होकार दिला तरच. 'सकाळी आठपर्यंत मोरीचं दार हललं नाही तर मला मेसेज', असा. आपल्याकडे चहा गॅसवर होतो, म्हणून किटलीच्या जागी दार. पण मेसेज आला की काय करायचं हे आधी ठरवा. पहिला फोन आजीला, दुसरा शेजारच्या काकूंना.

५. बटणाचा फोन. मुलाचा नंबर २ वर, शेजाऱ्यांचा ३ वर, दाबून धरलं की लागेल असा. ५ आणि ९ मोकळे ठेवा. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ ला फोन जावा, असा नियम झाला. स्मार्टफोनवर त्यासाठी पॉवरचं बटण तीनदा. ॲम्ब्युलन्स १०८. आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, तिथे पेन्शन, औषधोपचार, घरातला छळ, कशाबद्दलही बोलता येतं.

तुमचे दोन प्रश्न

एकाने विचारलंय, "माझ्या वडिलांना स्पीकर आवडतो, अभंग ऐकतात. काढून टाकू का?" अजिबात नाही. त्यांना हवाय ना? पाचव्या प्रश्नात तो पास झाला. फक्त दिवा आणि मदत या दोन गोष्टी त्याच्यावर अवलंबून ठेवू नका. अभंग नाही लागला तर चालतं, दिवा नाही लागला तर नाही चालत.

दुसरा प्रश्न, "पडल्यावर ओळखणारं घड्याळ घेऊ का?" ॲपल वॉचमध्ये ही सोय २०१८ पासून आहे, आता इतरांतही आलीय. पण ही घड्याळं जोरात आपटल्याचा धक्का ओळखतात. थकलेला माणूस बऱ्याचदा आपटत नाही, भिंतीला धरून हळूहळू खाली बसतो आणि मग उठता येत नाही. आणि घड्याळ रोज चार्ज करावं लागतं. कोण करणार, हे ठरलं असेल तर घ्या.

शेवटी एक काम देतो. सेलचं कार्ट उघडायच्या आधी घरी फोन लावा आणि एवढंच विचारा, "आज्जी, रात्री उठल्यावर तुझा पहिला हात कुठं जातो?" खाटेच्या कडेला, खिडकीच्या गजाला, बोर्डावर, जिथे जातो म्हणतील तिथून सुरुवात करा. त्यांनी काय सांगितलं ते मला लिहून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातली काही उत्तरं घेऊ आणि राउटर इन्व्हर्टरवर कसा जोडायचा तेही बघू.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. घरी फोन लावायला विसरू नका.